एकवाले, दोनवाले आणि डॉक्टरीणबाई

टायफाइड झालेल्या माणसाला भेटायला गेलो की मी पहिला प्रश्न विचारतो, "एक गोळी की दोन?" परवा हट्टा गावात आमच्या शाळेच्या शिपायाला ताप आला तेव्हाही मी हेच विचारलं. तब्येत कशी आहे, जेवण जातं का, झोप लागते का, हे सगळं विचारायचं सोडून मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहून गोळ्यांची चौकशी करत होतो. त्याच्या बायकोने हातातला चहा मला द्यावा की परत आत न्यावा, याचा थोडा वेळ विचार केला. आमच्या घरून आता मला एकट्याला आजाऱ्याकडे पाठवत नाहीत. माझी बायको सुनंदा सोबत येते आणि मी तोंड उघडलं की कोपराने ढोसते.

यात माझा काही दोष नाही. दोष डॉक्टर जमुना राठोड यांचा आहे.

तेव्हा मी वारंगा फाट्यावरच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. आम्ही ज्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचो तिच्या खालच्या गाळ्यांत त्यांचा दवाखाना होता. पाटीवर नाव, डिग्री सगळं होतं, पण लोक त्यांना डॉक्टरीणबाईच म्हणायचे. उंच, हाडापेराने मजबूत, साडीवर पांढरा कोट आणि पायात पोरं क्रिकेट खेळताना घालतात तसले बूट. सेनगाव तालुक्यात साखऱ्याच्या पलीकडे बंजाऱ्यांचा एक तांडा आहे, तिथल्या त्या. शिकायला पार औरंगाबादपर्यंत जाऊन आल्या, पण बोलण्यातली गावाकडची मराठी तिकडे सोडून आल्या नाहीत. पेशंटशी जशा बोलायच्या तशाच माझ्याशी बोलायच्या आणि फोनवर मोठ्या मेडिकल कॉलेजच्या प्राध्यापकांशीही तशाच.

दवाखान्याच्या दारातच बेसिन होतं. त्याच्या नळाला सुतळीने साबण बांधलेला. आत येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं वाक्य ऐकायला मिळायचं, "आदी हात धुवा, मंग बोला." हळदीचे व्यापारी, तलाठी, वर्गणी मागायला आलेली मंडळाची पोरं, कुणाची सुटका नव्हती. हळद शिजवायच्या दिवसांत त्या बेसिनमधून पिवळं पाणी वाहायचं. बाई संध्याकाळी फाट्यावर फिरायला निघाल्या की भजीवाला, रसवाला, पाणीपुरीवाला आपापले हंडे झाकायला धावायचे, कारण त्या गाड्यापाशी थांबून "पानी कुठलं हाय रे?" एवढंच विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत हलायच्या नाहीत. गिऱ्हाईक तोवर हळूच सटकलेलं असायचं.

पण बाईंची खरी ख्याती हात धुवायला लावण्यासाठी नव्हती. ती होती त्यांच्या एका उत्तरासाठी.

मी तिथे राहायला आलो त्या आठवड्यातली गोष्ट. एक गृहस्थ म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आले होते. बाईंनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. गृहस्थांनी हात जोडून विचारलं, "बाई, बरे होतील न?"

"माहीत न्हाई," बाई म्हणाल्या.

गृहस्थांचे हात जोडलेलेच राहिले.

"अजून माहीत न्हाई. रक्त तपासायला देते. कशाचा ताप हाय ते कळाल्यावर सांगते. तवर पानी पाजत ऱ्हा."

गृहस्थांनी वडिलांना उठवलं, रस्ता ओलांडला आणि थेट समोरच्या डॉक्टरांकडे गेले. समोरचे डॉक्टर म्हणजे फाट्यावरचं मोठं प्रस्थ. त्यांच्याकडे गेलेला माणूस सलाईन लावून घेतल्याशिवाय परत यायचा नाही. बरे होतील का, या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "शंभर टक्के!" आणि ते अशा खणखणीत आवाजात की निम्मा आजार तिथेच पळून जायचा. त्यांच्या दवाखान्यासमोर जीपगाड्यांची रांग असायची. बाईंच्या दारात बहुतेक वेळा मीच उभा असायचो, आणि मला काही झालेलं नसायचं.

मला राहवलं नाही. सल्ला द्यायला मला कुणी विचारावं लागत नाही. मी खाली जाऊन हात धुतले आणि म्हणालो, "मॅडम, निदान 'बघू' तरी म्हणत जा."

"बघू म्हणलं की लोक 'व्हय' समजत्यात, सर. मंग काही झालं की म्हणत्यात बाईनं व्हय म्हणलं होतं."

"पण डॉक्टरला माहीत नाही म्हटल्यावर लोकांनी जायचं कुठे?"

"समोर," बाई म्हणाल्या आणि हसल्या. मला वाटतं त्यांना या गोष्टीचं थोडं वाईट वाटायचं, पण तोंडातून दुसरं उत्तर निघायचंच नाही.

अशा बाईंकडे एक काम आलं. शहरातल्या मेडिकल कॉलेजातून आलेलं, टायफाइडच्या औषधांची तुलना करायचं. बऱ्याच ठिकाणी ते एकाच वेळी चालणार होतं आणि त्यातलं एक छोटंसं केंद्र आमचा फाटा. मला हे कळल्यावर मी शाळेत असं सांगितलं की जणू तो अभ्यास माझ्याच डोक्यातून निघालाय.

प्रश्न साधा होता. पूर्वी ज्या गोळीने टायफाइड हमखास उतरायचा ती आता जंतूंवर चालत नाही. इंजेक्शन चालतं, पण त्यासाठी दवाखान्यात पडून राहावं लागतं आणि तांड्यावरच्या, शेतातल्या माणसाला ते जमत नाही. मग गोळ्यांनीच भागवायचं तर अझिथ्रोमायसिन एकटी पुरते, की तिच्या जोडीला सेफिक्झिम द्यायला हवी? बाई पेशंटला हे असं समजावून सांगायच्या: "चोर घरात बी शिरलाय अन् गल्लीत बी हिंडून राहिला. एक शिपाई घरात घुसून धरतो, दुसरा गल्लीत. आता एकच शिपाई दोन्हीकडं पुरतो का दोन लागत्यात, ते बघायचं हाय. उगंच जास्तीचा शिपाई लावला तर चोर त्याला बी ओळखून घेतो, मंग त्यो बी कामाचा ऱ्हात न्हाई."

"मंग कोणतं चांगलं, बाई?"

"माहीत न्हाई. माहीत असतं तर इचारत कशाला बसले असते? तुमी तयार असाल तर पाकीट फोडायचं. त्यात निघंल ते औषध. तुमाला न्हाई म्हणायचा हक हाय. न्हाई म्हणलं तरी म्या तपासणारच, औषध देणारच."

ती पाकिटं शहरातून बंद होऊन यायची. फोडेपर्यंत बाईंनाही ठाऊक नसायचं आत काय आहे. एवढ्या सरळपणे सांगितल्यावर निम्मे लोक लगेच नाही म्हणायचे. मला वाटलं इथे शिक्षकाची गरज आहे. मी दोन-तीनदा जाऊन पेशंटना तुलनात्मक अभ्यास, वैज्ञानिक दृष्टिकोन, निरीक्षण आणि निष्कर्ष असं सगळं समजावलं. फळ्याची उणीव होती, पण आवाज माझ्याकडे होता. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने मला विचारलं, "सर, तुमचं झालं की घेऊ का गोळी? का मधीच घेतली तर चालंल?" त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी मला वर जाऊन चहा प्यायला सांगितलं.

मग मला स्वतःलाच टायफाइड झाला.

तो कसा झाला हे मला चांगलं माहीत आहे. 'दूषित पाण्यामुळे होणारे रोग' हा धडा शिकवून घसा कोरडा पडला की मी समोरच्या गाड्यावर जाऊन बर्फ घातलेला उसाचा रस प्यायचो. रसवाला माझाच विद्यार्थी होता आणि त्या धड्यात त्याला बऱ्यापैकी गुण मिळाले होते.

ताप चढला, डोकं फुटायला लागलं, सुनंदाने मला धरून खाली आणलं. तशाही अवस्थेत बाईंनी आधी हात धुवायला लावले. रक्ताची तपासणी झाली, टायफाइड ठरला आणि बाईंनी पाकिटाचं विचारलं. मी उशीवर मान ताठ करून म्हणालो, "विज्ञानासाठी मी तयार आहे." मनातून माझी खात्री होती की माझ्यासारख्या माणसाच्या पाकिटात दोनच निघणार.

पाकीट फुटलं. एक.

"एकच?"

"एकच."

"मॅडम, पण माझा ताप जरा जास्त आहे."

"पाकिटाला ताप दिसत न्हाई, सर. म्हणून तर पाकीट."

"थोडं ॲडजस्ट..."

"पोरायच्या परीक्षेत ॲडजस्ट करता का तुमी?"

मी निमूट गोळीसाठी हात पुढे केला. हा प्रश्न आमच्या शाळेत कुणी कुणाला विचारत नाही.

ताप फार होता म्हणून मला खालीच खाटेवर ठेवलं. शेजारच्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर होता, तो दोनवाला. तोवर फाट्यावर हे दोन पंथ रुजले होते: एकवाले आणि दोनवाले. दोनवाले जरा ऐटीत असायचे. ड्रायव्हरने माझ्या गोळीकडे पाहिलं आणि कळवळून म्हणाला, "सर, तुमाला एकच? काहून? वळख न्हाई का कुणाची?" दोन गोळ्या मिळायला वशिला लागतो असा लोकांचा समज झाला होता आणि त्यासाठी बाईंना गावोगावचे फोनही आले होते. माझी ओळख होती, रोज चहाला त्या आमच्याकडे वर येत होत्या, तरी माझ्या वाट्याला एकच आली, हे त्या ड्रायव्हरला कसं सांगणार? मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. मनात वैज्ञानिक दृष्टिकोनाचा एक कणही शिल्लक नव्हता. होता फक्त अपमान.

यथावकाश माझा ताप उतरला. ड्रायव्हरचाही साधारण तेव्हाच उतरला. पण मी घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागलो, "मी एकीतच उतरवला. लोकांना दोन-दोन लागतात." बाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या वर येऊन म्हणाल्या, "सर, तुमी न्हाई उतरवला. अन् गोळीनं उतरवला का आपसूक उतरला, तेबी तुमच्या एकट्यावरून कळत न्हाई." सुनंदा त्या दिवशी एवढी हसली की तिने बाईंना चहासोबत शंकरपाळेही दिले.

बाई हसायच्याही. पण एकदा त्या हसता हसता रडकुंडीला आलेल्या मी पाहिल्या, तो प्रसंग दोन जावांचा.

कळमनुरीकडचं हळदवाल्यांचं मोठं एकत्र घर. हळद शिजवण्याच्या धांदलीत दोन्ही सुना तापाने पडल्या. दोघींना टायफाइड, दोघी पाकिटाला तयार. थोरलीला एक निघाली, धाकटीला दोन. औषध घेऊन त्या घरी गेल्या. पुन्हा तपासायला आल्या तेव्हा दोघी टवटवीत होत्या, सोबत सासूबाई. बाईंनी उरलेल्या गोळ्या मोजल्या तर हिशेब काही केल्या जुळेना. थोरलीच्या पुडीत तिला कधी दिलीच नव्हती ती गोळी!

"मामी, ह्ये कसं झालं?"

सासूबाई पदर सावरून म्हणाल्या, "म्या समदं एका डब्यात केलं, बाई. अन् दोघीला बराबर वाटलं. धाकटीला दोन अन् थोरलीला एक, ह्ये कसं चालंल? थोरलीचा काही मान हाय का न्हाई? उद्या तिच्या माहेरचे म्हणतेन, सासूनं दुजाभाव केला. तुमाला डॉक्टरकीचं कळतं, घर मला चालवायचं हाय."

बाईंनी डोक्याला हात लावला आणि त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला. सासूबाईही हसायला लागल्या, मग सुनाही. हसणं ओसरल्यावर बाईंनी दोघींचं पुढचं औषध नीट लावून दिलं, डबे वेगळे करायला लावले आणि सासूबाईंची पाठ थोपटली. त्या गेल्यावर मात्र बाई नोंदवही उघडून दोघींच्या नावांपुढे पेन धरून बसल्या.

मी म्हणालो, "दोघी बऱ्या झाल्या ना? मग धरा की मोजणीत."

"कशात धरू, सर? एकवाल्यात का दोनवाल्यात?"

"दीडवाल्यात."

त्या कशाबशा हसल्या. मग म्हणाल्या, "या सासूनं खरं सांगितलं म्हणून कळालं. बाकीच्या घरात काय वाटावाटी चालली असंल, कोण जाणे." आणि त्यांनी लगेच शहरात फोन लावून झालेला घोळ जसाच्या तसा सांगितला. मी असतो तर निदान संध्याकाळपर्यंत थांबलो असतो.

बाईंना लागलेली एक गोष्ट मी पाहिली. त्यांच्याच तांड्याकडचा एक माणूस आजारी बायकोला घेऊन आला होता. बाईंनी नेहमीप्रमाणे सगळं समजावलं. तो ऐकत राहिला आणि भरल्या दवाखान्यात मोठ्याने म्हणाला, "आमी गरीब, म्हणून आमच्यावर पाकिटं फोडून राहिल्या. तुमच्या सोताच्या मायला काढलं असतं का असं पाकीट?"

सगळे बाईंकडे बघू लागले. मला वाटलं आता तरी त्या ठणकावून "हो" म्हणतील. एवढं एक "हो" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

"माहीत न्हाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "तशी येळ आली न्हाई."

तो माणूस बायकोला घेऊन समोर गेला. त्या दिवशी बाई चहाला वर आल्या नाहीत.

आणि मग तशी वेळ आली. वैशाखातल्या भर दुपारी एक जीप थांबली आणि बाईंच्या आईला उतरवलं. तांड्यावर लग्न होतं, तिथलं पाणी बाधलं असावं. म्हातारी अंगाने काटकुळी, हातात पार दंडापर्यंत चुडा, कपाळावर गोंदण. बीपीचा पट्टा बांधायला चुडा खाली सारावा लागला तर तेवढ्या तापातही तिने नर्सला दटावलं. बाई तिला याडी म्हणायच्या, बंजारा बोलीत आई. रक्ताचा रिपोर्ट आला: टायफाइड.

दवाखान्यात त्या दिवशी गर्दी होती आणि सगळ्यांच्या नजरा बाईंवर होत्या. बाई औषधांच्या कपाटापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. कपाटात सगळंच होतं. इंजेक्शनही होतं.

बाकावर आडवी झालेली म्हातारी म्हणाली, "या समद्यायला तू काय सांगती गं? मला बी तेच सांग."

बाई तिच्यापाशी जमिनीवर बसल्या आणि बंजारा बोलीत सांगू लागल्या. मला गोळी आणि पाकीट एवढे दोनच शब्द कळले. त्यांच्या बोलीत 'माहीत न्हाई' कसं म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण ते वाक्य आलं तेव्हा कळलं, कारण बाईंनी आईकडे न बघता जमिनीकडे बघितलं. म्हातारीने ऐकून घेतलं आणि सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत म्हणाली, "लोकायच्या लेकीबाळीला चालतंय, तर म्या काय आभाळातून पडले का? आण त्ये पाकीट."

बाईंनी तरी आधी शहरात फोन केला. तिकडच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आई असली तरी चालेल, पण औषध चालू ठेवायचं की बदलायचं हे मुलीने ठरवायचं नाही. दुसरा डॉक्टर हवा, तसा कुणी मिळेपर्यंत रोज फोनवरून ते स्वतः ठरवतील. नर्सने पाकीट फोडलं. एक. दवाखान्यातल्या सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, जणू एकवाल्यांचा पुढारी म्हणून मी काही जबाबदारी घेणार होतो.

ताप उतरेना. टायफाइडचा ताप औषध लागू पडलं तरी लगेच उतरत नाही, हे बाई रोज इतरांना सांगायच्या. आता त्या स्वतःलाच सांगत होत्या. पेशंट तपासत होत्या, बोलत होत्या, पण बेसिनपाशी उभ्या राहिल्या की हात धूतच राहायच्या. म्हातारीने जेवण सोडलं. तिच्या हातातला चुडा सैल होऊन मनगटाशी येऊन पडला होता.

मला ते बघवेना. मी बाईंना बाजूला घेऊन म्हणालो, "मॅडम, द्या की दुसरी गोळी. कोण बघतंय?"

"म्या बघून राहिले न, सर."

आवाज चढलेला नव्हता. मी वर निघून गेलो आणि सुनंदाला म्हणालो की या बाईचं काळीज दगडाचं आहे. सुनंदा म्हणाली, "तुम्ही कृपा करून त्यांना सल्ले देऊ नका."

एके दुपारी म्हातारी कण्हायला लागली. पोट दुखतंय म्हणाली, मग भलतंच काहीतरी बडबडली. टायफाइडमध्ये आतड्याला भोक पडतं हे मीदेखील वाचलेलं होतं. बाईंनी तर डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांनी आईच्या पोटावर हात ठेवला आणि लगेच उचलला. "मला कळंना," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताला काही कळंना." आणि धावत बाहेर पडल्या, ट्रकांच्या मधून, कुठेही न बघता, सरळ समोरच्या डॉक्टरांच्या दारात.

समोरचे डॉक्टर जेवत होते. ताटावरून उठून आले. इतक्या वर्षांत दोघे एकमेकांच्या दवाखान्यात कधी गेले नव्हते. ते घाईने आत शिरू लागले तर तेवढ्यातही बाई म्हणाल्या, "हात." त्यांनी मुकाट्याने सुतळीचा साबण हातात घेतला.

ते आत तपासत होते तेवढा वेळ बाई बाहेर थांबल्या. आधी उभ्या, मग पेशंट बसतात त्या बाकड्यावर, एका लेकुरवाळीच्या शेजारी. दार उघडलं तशा उठल्या आणि म्हणाल्या, "बरी होईल न हो?"

हा प्रश्न त्या दारात मी कितीतरी तोंडांनी ऐकला होता. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

डॉक्टर नीट सांगत होते: "पोट मऊ आहे. आतडं शाबूत आहे. पाणी कमी पडलंय, त्याने बडबडतायत. उद्यापर्यंत हीच गोळी चालू ठेवू. उतार पडला नाही तर मी स्वतः इंजेक्शन सुरू करतो." यातलं बाईंच्या कानात काहीही शिरलं नाही. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, "बरी होईल न?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "शंभर टक्के," ते म्हणाले.

बाई बाकड्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडल्या. शेजारच्या लेकुरवाळीने एका हाताने लेकरू सांभाळत दुसऱ्या हाताने त्यांना जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या अंगाला दरदरून घाम सुटला आणि ताप उतरला तो पुन्हा चढला नाही. इंजेक्शन लागलं नाही. चहाला आल्यावर बाई सुनंदाला म्हणाल्या, "खोटं बोलला त्यो डॉक्टर. शंभर टक्के कुठं असतंय का? पन लई बरं वाटलं बगा." त्यानंतरही त्यांचं उत्तर बदललं नाही. फक्त "माहीत न्हाई" म्हणताना त्या आता पेशंटच्या माणसाचा हात हातात धरून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पन म्या हितंच हाय."

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण फाट्यावरच्या लोकांनी त्यातून आपला निष्कर्ष काढला. डॉक्टरीणबाईंच्या सख्ख्या आईला एकच गोळी दिली आणि ती खडखडीत झाली, यापुढे आणखी काय पाहिजे? दोनवाल्यांची ऐट एका आठवड्यात उतरली. दवाखान्यात जो तो येऊन म्हणू लागला, "बाई, मायवाली गोळी द्या." पाकीट म्हटलं की लोक हात मागे घ्यायचे. "पाकीट नको. मायला दिली तीच द्या." बाई घसा फोडून सांगायच्या की एकटीच्या बरं होण्यावरून काही कळत नाही, कदाचित दोनने लवकर उतरला असता. लोक समजूतदारपणे माना डोलवायचे आणि म्हणायचे, "ते हाय, पन मायवालीच द्या." त्यात म्हातारी बरी होऊन बाकावर येऊन बसलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला आपली कहाणी सांगायची. समोरच्या डॉक्टरांकडचे पेशंटही ऐकायला यायचे.

मी एकवाल्यांचा जुना माणूस. मला खरं म्हणजे आतून गुदगुल्या होत होत्या, पण चेहरा मी दुःखी ठेवला होता.

पाकिटाला कुणी तयार होईना म्हणून बाईंनी शहरात कळवलं आणि आमचं केंद्र बंद झालं. बाकीच्या गावांत तो अभ्यास चालू राहिला. त्याचा निकाल काय लागला ते माझ्या कानावर अजून आलेलं नाही. त्याच उन्हाळ्यात माझी हट्ट्याला बदली झाली. सामानाचा टेम्पो भरून झाल्यावर मी निरोप घ्यायला खाली गेलो तर बाई दवाखान्यात नव्हत्या. आईला हिंगोलीच्या एसटीत बसवून द्यायला गेल्या होत्या.

मी थांब्यावर गेलो. म्हातारी खिडकीजवळ बसली होती आणि मागच्या-पुढच्या सीटवरच्या बाया तिच्याकडे वळल्या होत्या. "एकच दिली व्हती मला, एकच! बगा कशी खडखडीत हाय! माझ्याच लेकीचा दवाखाना हाय त्यो..." बाई खाली उभ्या राहून हात जोडून विनवत होत्या, "याडी, गप बस गं! आता तरी गप बस!" कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली तसा म्हातारीचा चुड्याने भरलेला हात खिडकीतून बाहेर आला आणि एक बोट वर करून सगळ्या फाट्याला दाखवू लागला. बाई गाडीच्या बाजूने थोडं धावल्या, मग थांबल्या.

मी जवळ गेलो. म्हणालो, "मॅडम, एवढी मेहनत केलीत आणि..."

"अभ्यास गेला, सर," त्या म्हणाल्या. कोटाच्या बाहीने त्यांनी डोळे पुसले. त्या हसत होत्या. "माय ऱ्हायली."

एसटी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघंही तिथेच उभे होतो.